उजवीकडची बाई

रोहा,
५ एप्रिल

बाय,

नमस्कार, तब्येतीची चौकशी वगैरे मनातल्या मनात वाच. पत्र का लिहितोय? फोन केला तर मी बोलणार आणि तू पलीकडून नुसता नाकाने श्वास सोडणार. त्यापेक्षा हे बरं. डॉक्टरने घशातली गाठ काढली आणि ती साधीच निघाली, हे हरेशने कळवलं. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही आणि जूनपर्यंत गायचं नाही, हेही त्यानेच सांगितलं. सांगताना जरा जास्तच खुशीत वाटला. आईची तीन आठवड्यांची शांतता पोराच्या वाट्याला सहजासहजी येत नाही.

पण नमिताची हळद सात मेला आहे. तुझ्या लेकीच्या, अनिताच्या पोटची असली तरी गुण आजीचे, म्हणजे तुझे. तिने घरात जाहीर केलंय म्हणे, आजीने धवला गायला नाही तर मी पाटावर बसणार नाही. बरोबरच आहे. आपल्याकडे भटजी उशिरा आला तर त्याला चहा देतात, पण धवलारीण गायला लागल्याशिवाय हळदीचं बोट कोणी उचलत नाही. चाळीस वर्षं खाडीपट्टीतल्या पोरींना तू गाऊन पाटावर बसवलंस, आणि सख्ख्या नातीच्या वेळी तुझ्या तोंडाला कुलूप.

तर माझी योजना ऐक. अनिताच्या हळदीची कॅसेट माझ्याकडे आहे. आठवतं? सव्वीस वर्षांपूर्वी कंपनीच्या गणपतीतले दोन माईक मागून आणले होते मी. एक तुझ्यापुढे, एक तुझ्यामागून चरण उचलणाऱ्या गिरजाबाईंपुढे, आणि मधे माझा टू-इन-वन. सगळे हसले होते, मामा हळदीला आलाय की रेडिओ दुरुस्तीला म्हणून. आता कळेल कोण शहाणा ते. कॅसेट कॉम्प्युटरवर घेतो, साफसूफ करतो आणि सात तारखेला भोंग्यावर तुझाच आवाज लावतो. तू खुर्चीत बसून पान खा.

फक्त त्यासाठी आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर हवं, आणि तेही फुकट. या यंत्रावर आता दमडीही घालायची नाही, असा आमच्या गृहमंत्र्यांचा, शांतीचा, हुकूम आहे. यंत्र म्हणजे आमच्या चिरंजीवांनी पुण्याला जाताना मागे टाकलेला कॉम्प्युटर. तो सुरू होईपर्यंत चहा होतो, पिऊन होतो आणि कप विसळून होतो.

पत्रं तुमच्या गावच्या केरूबरोबर पाठवत जाईन. धाटावची शिफ्ट सुटली की तो संध्याकाळच्या गाडीने तुमच्याकडेच परततो.

तुझा,
हिरामण


खारातलं घर,
८ एप्रिल

हिरू,

अक्षराला हसू नको. सातवीनंतर सही सोडून काय लिहिलं नाय.

मी पाटी घेऊन बसते. भाजीत मीठ कमी हाय असं लिहीपर्यंत हरेश हात धुवून उठलेला असतो. सून तर एवढी गोड बोलायला लागली की मला भीती वाटते. पान खा म्हणतोस, डॉक्टरनं पानही बंद केलंय. म्हणजे तोंडाला काहीच काम नाय.

तुझी कॅसेटची गोष्ट मला पटली नाय. अरे, हळद संपेपर्यंत धवला चालतो. धवला संपला म्हणून हळद संपत नाय. पाचवी सवाशीण अजून केस विंचरत असते, तेव्हा मी तोच चरण तिसऱ्यांदा फिरवते. तुझा भोंगा थांबेल का कोणाच्या केसांसाठी?

आणि कॅसेटमध्ये नाव अनिताचं. नवरी नमिता हाय. मामाचं नाव पण धवल्यात घेतात, तेव्हा मामा तू होतास, आता मामा हरेश. चुकीचं नाव गेलं तर लोक जेवण जेवतील आणि वर्षभर तेच बोलतील.

दुसरी कोण आणू? वडखळच्या बाईला त्या दिवशी तीन हळदी. दुसरी एक हाय, ती सिनेमाच्या चालीवर गाते आणि मधेच सगळ्यांना हात वर करा म्हणते. हळदीचा हात वर करून कसं चालेल?

म्हणून कर तुला काय करायचं ते. नमितानं माझा हात धरून सांगितलंय, आजी, तूच. त्या पोरीला मी पाटीवर काय लिहून देऊ?

गिरजाचं नाव पत्रात परत काढू नको. आमचं बोलणं नाय, तुला ठाऊक हाय.

इंदु


रोहा,
१३ एप्रिल

बाय,

नाव काढायचं नाही ना, मग नाही काढत. त्यांना यापुढे उजवीकडची बाई म्हणतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तशाच दिसतात त्या. डाव्या माईकची, म्हणजे तुझी, रेघ वर आणि उजव्या माईकची खाली. ही रचना तुला आवडेल.

आता सॉफ्टवेअरची कथा. जगात फुकट हा शब्द किती प्रकारे वापरतात ते मला या आठ दिवसांत कळलं. पहिलं सॉफ्टवेअर पंधरा दिवस फुकट. त्याचं नाव सांगत नाही, त्याच्याही घरी आईबाप असतील. तासभर खपून मी तुझा पहिला धवला त्यात घेतला. वाजवून बघतो, तर दर अर्ध्या मिनिटाला एक बाई इंग्रजीत सांगते की ही नमुना प्रत आहे. हळद, नमुना प्रत, हळद, नमुना प्रत. शांती म्हणाली, ही कोण नवीन धवलारीण?

दुसरं फुकट, पण आधी ईमेल द्या, मोबाइल द्या, जन्मतारीख द्या. एवढी माहिती तर अनिताच्या स्थळाची काढली नव्हती आपण. तिसरं खरोखर फुकट आणि खरोखर भारी, आख्ख्या स्टुडिओसारखं. माझं यंत्र ते उघडता उघडता बेशुद्ध पडलं. मागचं बटण दाबून शुद्धीवर आणलं.

मग चिरंजीवांनी दोन नावं सांगितली. एक एलएमएमएस. अगदी फुकट, पण ते नवीन संगीत रचायला. पडद्यावर चौकटी असतात. चौकटीत टिचकी मारली की ढोल, दुसरीत मारली की टाळी. मी दोन दिवस त्यातच रमलो. एक ठेका असा जमला की शांती भाकरी थापता थापता मान हलवायला लागली. मग म्हणाली, "छान हाय, पण हे वरातीत. हळदीत हे लावलंत तर तुमची बहीण बिनआवाजाची शिवी देईल."

शेवटी ऑडॅसिटी. तेही फुकट, खातं नाही, जाहिरात नाही, कसली अट नाही. दिसायला सरकारी ऑफिससारखं, सगळं करडं. पण आवाज कापा, जोडा, खरखर काढा, बारीक करा, मोठा करा, दोन माईक वेगळे करा, सगळं येतं. आणि माझ्या म्हाताऱ्या यंत्रावर चालतं. लग्न जुळवताना म्हणतात ना, मुलगा दिसायला बेताचा पण निर्व्यसनी. तसं.

त्यात मी तीन कामं केली. एक, खरखर काढली. दोन, अनिताच्या नावाच्या जागी नमिताचं बसवायचं ठरवलं. तिला तू पाठवलेले आवाजी निरोप मागवून घेतले. बाय, त्या सगळ्यांत तू 'नमिते, फोन उचल' एवढंच म्हणतेस. एकाच दमात, मधे फट नाही. नाव कापलं की पाठोपाठ फोन येतोच. सध्या धवल्यात नवरीला हळद लागते आणि लगेच फोन उचलायला सांगतात. यावर विचार चालू आहे.

तिसरं काम महत्त्वाचं. उजवीकडची बाई प्रत्येक चरणाला तुझ्यामागे अडीच सेकंद आहे. मागची बाई मागून म्हणते हे मलाही माहीत आहे, पण इतकी मागून? मला वाटतं तिच्या माईकची वायर लांब होती, आवाज पोचायला वेळ लागला. मी तिची आख्खी रेघ धरून अडीच सेकंद पुढे सरकवली. आता दोघी कशा एका सुरात, कवायतीसारख्या. पेनड्राईव्ह सोबत आहे. हरेशच्या भजनाच्या भोंग्याला लाव.

फक्त एका जागी कोडं आहे. मामाच्या नावाला, म्हणजे माझ्याच, तुझ्या माईकवर तीन सेकंद काही नाही. आणि उजवीकडची बाई, जी इतर वेळी मागे, ती तिथे तुझ्याआधी 'हिरामण' म्हणून मोकळी. मग मागून तू. यंत्राचा काय दोष असावा?

तुझा,
हिरामण


खारातलं घर,
१६ एप्रिल

हिरू,

ऐकलं. बोलता येत नाय ते तुझं नशीब.

अरे, वायर लांब होती म्हणून आवाज उशिरा पोचतो, हे तुला कंपनीत शिकवलं का? तरीच त्यांनी तुला मुदतीआधी घरी पाठवलं.

मी चरण टाकते, ती उचलते. ती म्हणते तेव्हा मी श्वास घेते आणि पुढचा चरण डोक्यात आणते. मी म्हणते तेव्हा ती श्वास घेते. अशी हळद चार तास चालली तरी धवला तुटत नाय. तू दोघींना एकदम म्हणायला लावलंस आणि मग दोघी एकदम गप्प. मधे नुसती भोकं. दोन बायका एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात, असं कुठं बघितलंस तू?

होतं तिथं नेऊन ठेव तिला.

आणि नमिताला फोन उचलायला लावलेलं ऐकून सून भिंतीला धरून हसली. मी पण हसले. हसणं चालतं का, डॉक्टरला विचारायला हवं.

मामाच्या नावाकडं टेप खाल्ली असेल. त्या जागेला हात लावू नको.

इंदु


रोहा,
२० एप्रिल

बाय,

उजवीकडच्या बाईंना सन्मानाने मागे नेऊन ठेवलंय. या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे, केलेलं सगळं एकेक पाऊल मागे घेता येतं. माणसाच्या तोंडाला अशी सोय असती तर मी कंपनीत असतो अजून.

पण टेपचं तू म्हणालीस ते पटेना, म्हणून मी ती जागा ताणून मोठी करून पाहिली. शंभर वेळा ऐकली. टेप खाल्ली असती तर दोन्ही रेघा तुटल्या असत्या. पट्टी एकच असते. तुझा माईक बंद पडला असता तर पूर्ण शांतता असती. तशी ती नाही. तुझ्या माईकवर त्या तीन सेकंदांत बांगड्या वाजतात, कोणाचं तरी पोर रडतं आणि तुझा श्वासही ऐकू येतो. एकदा आत, मग बाहेर, मग पुन्हा आत.

म्हणजे टेप ठीक, माईक ठीक, तू तिथेच आहेस. फक्त माझं नाव नाही.

बाय, खरं सांग. त्या वर्षी मी काही लागट बोललो होतो का? मला काही आठवत नाही, पण मला माझं बोललेलं कधीच आठवत नाही, हे शांती शपथेवर सांगेल. सख्खा मामा, एकच भाऊ, आणि माझ्या नावाला तू गप्प बसलीस आणि परक्या बाईने ते घेतलं, हे जरा लागलं. हसण्यावारी नेऊ नकोस.

हिरामण


खारातलं घर,
२३ एप्रिल

हिरू,

दोन दिवस हे पत्र लिहिते. एक पान फाडलं.

तू काय बोलला नव्हतास. घरचं लग्न होतं, दुसरी धवलारीण बोलवायला हवी होती, पण मी कोणाचं ऐकते? म्हटलं माझ्या लेकीला मीच गाणार. सगळं नीट चाललं. मग अनितानं मान वर केली, तोंड पिवळंधमक, आणि माझ्याकडं बघून हसली. झालं. डोकं कोरं. चारशे चरण पाठ असलेली बाई मी, मला माझ्या एकुलत्या एका भावाचं नाव आठवेना. तू समोरच होतास, हेडफोन लावून. मला वाटलं, याला काय म्हणतात बरं?

गिरजानं नाव घेतलं. मी मागून घेतलं. कोणाला कळलं पण नाय.

मला वाटलं तिला पुढं जायचं होतं. हळद उतरायच्या आधी तिला मागच्या दारी नेऊन म्हटलं, माझ्या लेकीच्या हळदीत माझ्या पुढं पळालीस, भीक लागली होती का पहिल्या जागेची? तिनं लुगड्याला हात पुसले आणि गेली. परत माझ्यामागं बसली नाय. मी पण बोलावलं नाय. सगळ्यांना सांगत राहिले, गिरजा पुढं पळते.

मी विसरले होते, हे मी स्वतःलापण सांगितलं नव्हतं. तीन सेकंद असतात हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं ती माझ्या तोंडातून नाव ओढून घेऊन पळाली. तुझ्या त्या करड्या यंत्रानं मोजून दाखवलं.

ती लेकीकडं निडीला असते. तुझ्यापासून दोन स्टेशनं पण नाय. तो कॉम्प्युटर उचलून नेता येत नसेल तर दुसरं काय तरी ने, पण तिला ती जागा ऐकव. दोन्ही रेघा वेगळ्या करून. आणि सांग, इंदु विसरली होती. इंदुनंच लिहून दिलंय.

उद्यापासून मला थोडं बोलायला परवानगी हाय. पण हे बोलायला जमणार नाय, म्हणून आजच लिहिते.

इंदु


रोहा,
२८ एप्रिल

बाय,

गेलो होतो निडीला. फाईल मोबाइलमध्ये घेतली होती. गिरजाबाई ओट्यावर वाल सोलत होत्या. मी इंदूचा भाऊ म्हटल्यावर म्हणाल्या, "रेडिओवाला?" सव्वीस वर्षांत माझी प्रगती एवढीच.

हेडफोन त्यांनी कानाला न लावता हातात धरून कानाजवळ नेला, गरम भांड्यासारखा. ती जागा ऐकवली. परत लाव म्हणाल्या. परत लावली. तुझं पत्र वाचून दाखवलं. मागच्या दारीचं वाचताना माझीच जीभ अडखळली.

"तुम्ही सांगितलं का नाही कधी?" मी विचारलं.

"काय सांगू? इंदू नाव विसरली, असं? मागच्या बाईचं काम काय असतं रे? पुढचीला झाकायचं. झाकलं ते परत उघडून दाखवायचं नसतं."

"पण सव्वीस वर्षं?"

"तिनं नाय बोलावलं, मी नाय गेले. मला काय कामं नव्हती?" मग वालाच्या दोन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाल्या, "आवाज कसा हाय तिचा?"

मी म्हटलं, बसलाय. नातीच्या हळदीला गाता येणार नाही, म्हणून मी कॅसेट लावणार होतो.

"हळदीला कॅसेट?" म्हणाल्या. बाय, तेवढ्याच शब्दांत त्यांनी माझी पंधरा दिवसांची मेहनत वालाच्या सालांबरोबर सुपात टाकली. मग म्हणाल्या, "सांग तिला, मी येते. पण पुढं मी. ती मागं बसेल. आणि तोंड उघडलंन तर मी गाणं थांबवून डॉक्टरला फोन लावीन. मामा कोण?"

"हरेश," मी म्हटलं. त्यांनी बोटावर बाकीची नावं मोजून घेतली.

तर कॅसेट रद्द. पण दोन माईक मी आणणार आहे. यात कोणाचंही ऐकणार नाही.

हिरामण


रोहा,
११ मे

बाय,

अजून हातांना हळदीचा वास आहे. नमिता पाटावर बसली, उठली, सासरी गेली आणि मी काल दिवसभर आवाज कॉम्प्युटरवर घेत बसलो होतो. एक तास चाळीस मिनिटं. गिरजाबाई या वयात एवढं गातात! पाचव्या सवाशिणीचे केस होईपर्यंत त्यांनी एक चरण सहा वेळा फिरवला. मोजून सहा.

तू मागे बसून नुसती टाळी धरलीस. सगळे म्हणत होते, इंदुबाई दुसरीच्या मागे बसलेली पहिल्यांदा बघितली. तुझा चेहरा बघायला मला वेळ झाला नाही. माझं सगळं लक्ष काट्यावर. आवाज लाल रेषेच्या वर गेला की फाटतो, म्हणून डोळा काढता येत नाही.

या वेळी तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही, म्हणून विचारतो. बाविसाव्या मिनिटाला, हरेशचं नाव झाल्यावर, गिरजाबाई उगाचच तीन सेकंद थांबल्यात. दमल्या असतील. आणि नेमकं तिथे तुझ्या माईकवर काहीतरी घासल्यासारखं आलंय, खरखरीत, फरशीवरून भांडं ओढल्यासारखं. मग गिरजाबाई काहीतरी म्हणतात, पण तेवढ्यात बायका हसल्यात, त्यात ते बुडालं. बाकी सगळं स्वच्छ आहे. तेवढं भांडं काढून टाकू का? ऑडॅसिटीत दोन टिचक्यांचं काम आहे.

तुझा,
हिरामण


खारातलं घर,
१४ मे

हिरू,

आता बोलता येतं, तरी लिहिते. फोनवर तू मधे बोलतोस.

गिरजा इथंच हाय आठ दिवस. दोघी मिळून हरेशला सळो की पळो करतो. तो म्हणतो, एक गप्प होती तेच बरं होतं. पुढच्या महिन्यात वडखळकडं दोन हळदी हायत. पुढं कोण बसणार ते रोज भांडून ठरवतो. अजून ठरलं नाय.

तुझ्या कॅसेटची एक प्रत निडीला दे, एक अनिताला. ते टाळी आणि ढोलवालं पण पाठव, सून म्हणते कोणाच्या तरी वरातीला बरं पडेल.

आता बाविसाव्या मिनिटाचं. ते भांडं नाय. गिरजा दमली पण नव्हती. मामाच्या नावानंतर धवल्यात दुसरं नाव नसतं. तरी ती थांबली आणि मान वळवून माझ्याकडं बघत राहिली. नवरीच्या आईच्या मामाचं नाव कोणी घेत नाय, आजवर कोणी घेतलं नाय, बायका म्हणूनच हसल्या. मी घेतलं. डॉक्टरला सांगू नको, एकच शब्द होता. मग माझ्यामागून तिनं घेतलं, कसं घेतात तसं. तू समोरच होतास, हेडफोन लावून, काट्याकडं बघत.

दोन टिचक्या मारायच्या आधी नीट कान देऊन ऐक. ते तुझं नाव हाय. सव्वीस वर्षं मागं पडलंय. धरून पुढं सरकवू नको.

इंदु